शिपाई एक, मागं तीन

माझ्या घरमालकांनी मला नाव-गाव विचारायच्या आधी मेणाचं विचारलं. मी दातांच्या कवळ्या करते. डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, मी त्यावर मेणात दात बसवते आणि मग साच्यातून पक्की कवळी काढते. गाव माझं पिंपळगाव राजा. सकाळी एस.टी.नं खामगावात यायचं आणि संध्याकाळी परत जायचं, त्यामुळे राहायला नाही, नुसती कामाला जागा हवी होती. रस्त्याकडची एक खोली रिकामी आहे असं कळलं म्हणून बघायला गेले. नळ कुठे, खिडकी केवढी, असं माझं चाललेलं आणि हे दारात येऊन उभे. उंच, वाळके, शर्टाच्या खिशावर लाल डागच डाग.

"तू दात अगोदर मेणात करते ना?"

"हो काका."

"मंग थंडीत तडकत नाई ते मेण?"

मी म्हटलं, आमचं मेण वेगळं असतं, आणि पिशवीतून गुलाबी पट्टी काढून दिली. त्यांनी ती नखानं कोरली, हुंगली, चष्मा कपाळावर चढवून डोळ्याजवळ नेली आणि घरात हाक दिली, "ओ, खोली देली या बाईले." आतून काकूंचा आवाज आला, "तिले हो तं म्हणू द्या." मी हो म्हटलं, त्याला नऊ वर्षं झाली.

हे सगळं सांगायचं कारण असं, की त्यांच्याविषयी खामगावात जे बोललं जातं ते ऐकून माझं डोकं फिरतं. म्हातारा तिरसट आहे, चांगल्या कार्यक्रमाचा विचका केला, चारचौघांत मंडळाची शोभा केली. बोलणाऱ्यांपैकी निम्मे त्या दिवशी तिथे नव्हतेच. मी होते. नुसती होते असं नाही, माझेही हात त्यात होते, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा असतील.

तर काका फौज करायचे. शिशाची, बोटाच्या दोन पेरांएवढ्या माणसांची. एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडातून कूच करत चाललेली कंपनी सरकारची एक पलटण, एवढाच त्यांचा विषय. दुसरं राज्य नाही, दुसरं शतक नाही. कुणी म्हटलं, काका, किल्ला करा, मावळे करा, तर म्हणायचे, "ते करणारे लई हायेत. दिवाळीत गल्लोगल्ली होते."

शिसं आलं छापखान्यातून. ते तिथे कंपोझिटर होते. शिशाचे खिळे, म्हणजे एकेक सुटं अक्षर, उचलून ओळीत जुळवायचं, उभ्यानं, तीस-बत्तीस वर्षं. लग्नपत्रिका, जाहीरनामे, शाळेच्या प्रश्नपत्रिका, तेरवीची कार्डं. मग कॉम्प्युटर आला आणि छापखाना बसला. निरोपाच्या दिवशी मालकानं विचारलं, आठवण म्हणून काय देऊ, घड्याळ की शाल. यांनी झिजलेले खिळे मागितले आणि सायकलवर पोती लादून चार खेपा केल्या. काकू अजून सांगतात, "बाकीच्यायचे नवरे रिटायर झाले तं तीर्थाले गेले. माह्या नवऱ्यानं घरात शिसं आणलं."

एका पत्रकारानं त्यावर मोठा लेख लिहिला होता. अक्षरांची फौज, शब्दांचे सैनिक, असलं काहीतरी. मी त्यांना वाचून दाखवला. शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि म्हणाले, "वितळलं का शिसंच राह्यते ते. त्यात तेरवीची कार्डंबी होती, ते नाई लिहिलं त्यानं."

मेणात एक माणूस कोरायचा, त्याचा प्लास्टरचा साचा करायचा, मग परसात शेगडीवर लोखंडी पळीत शिसं वितळवून साच्यात ओतायचं. लाल डगल्यासाठी नेलपॉलिश. जनरल स्टोअरमध्ये बांगड्या भरायला आलेल्या बायांच्या गर्दीत हा सत्तरीचा माणूस उभा राहायचा, बाटल्या उजेडात धरायचा आणि दुकानदाराला सांगायचा, "हा लग्नातला लाल हाय बावा. उन्हात चालून चालून इटलेला दाखव." दुकानदार बिचारा एकेक खोकं उघडत बसायचा. नवीन बाई असली तर चार हात लांब सरकायची.

त्यांची पहिली साठ माणसं उलटी आहेत. म्हणजे डोक्यावर उभी नव्हेत, आरशात पाहिल्यासारखी. तलवार भलत्या कमरेला, बंदूक भलत्या खांद्यावर, पट्टा छातीवरून भलत्या बाजूनं. झालं काय, की खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, तरच कागदावर सुलटं उमटतं. तीस वर्षं उलटं पाहून पाहून त्यांच्या हाताला तीच वाट पडलेली. चित्र समोर ठेवून मेणात पहिला शिपाई कोरला, तो हातानं आपसूक उलटा कोरला. आता शिपाई काही कागदावर छापायचा नव्हता. साच्यातून जसाच्या तसा निघाला, आणि त्याच्यामागून एकोणसाठ. यांच्या नजरेला सगळे सरळच दिसत होते. रंगवून झाले तेव्हा गल्लीतल्या एका निवृत्त हवालदारानं हातात घेऊन विचारलं, "काका, हे गडी तलवार उपसतीन कसे?"

काकू म्हणतात, त्या दिवशी ते इतके हसले की ठसका लागला. मग हवालदारानं सुचवलं की वितळवून पुन्हा ओता. काका एकदम गंभीर झाले.

"आता भरती झाली त्यायची," ते म्हणाले. "भरती झालेल्या माणसाले वितळवते का कोणी?"

ते साठ जण कायम राहिले. पुढे त्यांची कंपनी "डावरी" म्हणून ओळखली जाऊ लागली आणि कूच मांडताना ती नेहमी पुढच्या बाजूला यायची. मी एकदा म्हटलं, मागे ठेवा ना, लक्षात येणार नाही. माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचे दोन दिवस परसात फिरकलेच नाही.

पण फौज म्हटल्यावर माणसाला जे दिसतं ना, बंदुका आणि घोडे, ते त्यांच्या फौजेत थोडकंच होतं. खरी गर्दी मागे. पाण्याच्या पखाली वाहणारे, घोड्यांसाठी गवत कापणारे, बैल हाकणारे, तंबू उचलणारे, चांभार, धोबी, भाकरी थापणाऱ्या बाया, डोक्यावर बोचकं आणि कडेवर लेकरू घेऊन चालणाऱ्या बाया, एक आंधळा म्हातारा मुलीच्या खांद्यावर हात ठेवून चाललेला. "शिपाई एक, मागं तीन," हा त्यांचा हिशेब. कुठल्या पुस्तकात आहे म्हणून विचारलं तर म्हणायचे, "पुस्तकात कायले पाहू? एका माणसाले दिवसभर बंदूक धरून चालवायचं तं त्याचं जेवण, पाणी, घोडं, बिछाना कोण पाहीन? मोज तूच." घरी कुणी पाहुणा आला, फौजेची वाहवा करू लागला, की ते एक शिपाई उचलून त्याच्या तळहातावर ठेवायचे आणि विचारायचे, "याले पाणी कोण देते?" पाहुणा गोंधळायचा. बहुतेकांना वाटायचं, म्हाताऱ्याला चहाच्या आधी पाणी द्यायचं सुचवायचंय.

मीही सुरुवातीला हसले होते. मग एकदा विहारातली चार तरुण मुलं त्यांच्याकडे आली. जयभीम झाला, चहा झाला. त्यांच्यातला एकजण म्हणाला, "काका, आपल्या लोकायची पलटण करा ना एक. नुसती शिपायायची. संगिनी लावून, छाती काढून. जयंतीले मांडू."

"शिपाई हायेत की," काका म्हणाले. "हे काय, हे सगळे आपलेच हायेत. कर आणखी म्हणशीन तं करतो. पण माहा पणजा पलटणीत गवत कापे. उंद्रीकडून निघाला, पलटणीमागं गेला अन् कुठं मेला ते कोणाले ठाऊक नाई. शिपायाचं नाव कुठंतरी दगडावर तरी राह्यते बावा. याले मी कुठं ठेवू, सांग."

जाताना त्या पोरानं गवतवाल्यांच्या रांगेपाशी वाकून बराच वेळ पाहिलं. काकांनी त्याला ना दाखवलं, ना सांगितलं की त्यातला पणजा कोणता. मलाही कधी सांगितलं नाही. मी विचारलं होतं. म्हणाले, सगळे.

या फौजेत मी कशी ओढले गेले ते सांगते. त्यांचं मेण आमच्या मेणापुढे अगदीच कच्चं होतं, आणि त्यांचा प्लास्टर दोन-चार ओतण्यांत फुटायचा. मी त्यांना दातांचा प्लास्टर दिला, कोरायची बारीक हत्यारं दिली. मग एके दिवशी म्हणाले, "बाया तू कर. मले बाईचा पाय जमत नाई."

"पायाचं काय त्यात?"

"ओझं घेतलेली बाई पाय उचलून टाकत नाई, बाई. सरकवते. माह्या बाया फिराले निघाल्यावानी दिसते."

आणि मग काय, भर दुपारी परसात मला डोक्यावर पाण्यानं भरलेली घागर घेऊन चालायला लावलं. इकडून तिकडे, तिकडून इकडे. हे स्टुलावर बसून माझे पाय बघताहेत. मी म्हटलं, काका, माझ्या दोन कवळ्या आज द्यायच्यात, एक म्हातारी तीन दिवस झाले पेजेवर आहे. ते म्हणाले, "एक चक्कर अजून. टाच पाहू दे." काकू भांडी घासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माह्या टाचा चाळीस वर्षं पाह्यल्या नाई, आता पोरीच्या पाहून राह्यले." संध्याकाळी मी पहिली बाई कोरली. टाच जमिनीपासून जेमतेम सुटलेली. त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि सरळ साच्यात घातली. मला त्या दिवशी इतका आनंद झाला की एस.टी. चुकली.

मधल्या काळात त्यांची माणसं वाढत चालली. संख्येनं तर वाढतच होती, पण उंचीनंही. जुनी दोन पेरांची, बारीक पायांची, चपट्या तोंडाची. नवी अडीच पेरांची, नाकडोळे ठसठशीत. मला वाटलं, हात बसला, हत्यारं चांगली मिळाली, म्हणून असेल. ते लपवत होते. बारीक कोरायला दिसतच नव्हतं.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे मी घेऊन गेले, काकूंचे गुडघे धरले होते म्हणून. तपासणी झाली. डॉक्टर टेबलापलीकडे कागदावर इंग्रजीत लिहायला लागले. आता कंपोझिटर माणूस. समोरच्याचा कागद उलटा असला काय, सुलटा असला काय, त्याला सारखाच. इंग्रजी बेताचं यायचं, पण जेवढं कळायचं तेवढं कळलं. डॉक्टर मान वर करून काही सांगणार तेवढ्यात हेच म्हणाले, "डाव्याचं संपलं. उजव्याचं किती हाय?"

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मग त्यांनी नीट समजावलं. काचबिंदू होता, उशिरा कळला होता. थेंब नियमानं टाकले तर वेग कमी होईल, पण नजर कडेकडून आत आत मिटत जाईल. मधलं शेवटपर्यंत दिसेल.

"म्हंजे एकेक माणूस दिसन," काका म्हणाले, "पण पलटण दिसनार नाई."

डॉक्टरांना ते काय कळणार. मला कळलं, आणि बाहेर आल्यावर मी चप्पल शोधायच्या निमित्तानं तिथेच खाली बसून राहिले.

कारण त्यांची फौज त्यांनी अख्खी उभी अशी कधी पाहिलीच नव्हती. घरातल्या टेबलावर जेमतेम अर्धी मावायची. बाकीची सोनपापडीच्या खोक्यांत, खाटेखाली, माझ्या खोलीतल्या फळीवर. जमिनीवर मांडली तर उभ्यानं त्यांना दिसायची नाही आणि वाकून एका वेळी हातभरच. एकदा गच्चीवर पाट आणि फळ्या जोडून मांडायला घेतली. निम्मी मांडून होतेय तोच वानरांची टोळी आली आणि एक हुप्प्या बैलगाडी घेऊन पाण्याच्या टाकीवर जाऊन बसला. पायांना मुंग्या येईस्तोवर आम्ही त्याची मनधरणी केली. त्या दिवसापासून एकच बोलणं: कंबरेएवढ्या उंचीचं लांब टेबल पाहिजे, एका टोकाला उभं राहायचं आणि डावरी कंपनीपासून शेवटच्या लेकरापर्यंत सगळी एका नजरेत घ्यायची. एकदाच. कडा शाबूत आहेत तोवर.

म्हणून मंडळाचे चिटणीस घरी आले तेव्हा काकूंपेक्षा मलाच जास्त आनंद झाला. इतिहासाची आवड असलेल्या लोकांचं मंडळ, स्वतःचा हॉल, त्यात कायमचं प्रदर्शन मांडायचं ठरलेलं. चिटणीस सभ्य गृहस्थ. शुद्ध बोलणारे, शर्ट पँटीत खोचलेला, प्रत्येक वाक्यात "आपण". सगळी खोकी उघडून पाहिली, मनापासून वाखाणली. मग म्हणाले, "एक सुचवू का? आपली नवी शिल्पं अप्रतिम आहेत. जुनी जरा... प्राथमिक आहेत. मापही जमत नाही. नवीच मांडली तर एकसारखं दिसेल."

"पलटणीत सगळे एका मापाचे कधी होते?" काका म्हणाले. "तुमच्या मंडळात हायेत का?"

चिटणीस हसले. ते मान्य झालं. आठ दिवसांनी पुन्हा आले, या वेळी कागदावर आकृती काढून. काचेची केस, दोन फळ्या. वरच्या फळीवर शिपाई, अंमलदार, तोफा. "आणि खालच्या फळीवर ही मागची मंडळी. म्हणजे कुणाला वगळलं असं होणार नाही."

काकांनी आकृती त्यांच्याकडेच राहू दिली. समोरून उलटीच वाचली.

"खालच्या फळीवर कोण म्हणता?"

"मागची मंडळी. गवतवाले, पखालवाले, बायका..."

"असं करा," काका अगदी शांतपणे म्हणाले, "वरच्या फळीवर गवतवाले ठेवा. कर्नल साहेबाले खाली ठेवा. वगळलं असं होनार नाई."

चिटणिसांचा चेहरा लाल झाला. त्यांच्या मनात वाईट काही होतं असं मी म्हणणार नाही. त्यांना ते दिसलंच नव्हतं, आणि माझा राग त्याच गोष्टीचा आहे. ते उठून गेले. मी काकांशी भांडले. म्हटलं, हॉल पुन्हा मिळणार नाही, डोळे थांबणार नाहीत, दोन फळ्या तर दोन फळ्या. त्यांनी एवढंच विचारलं, "तुह्या बाया खालच्या फळीवर पाहशीन तू?" मी पाय आपटत माझ्या खोलीत गेले आणि एका डॉक्टरच्या मापाची वाट लावली.

पंधरा दिवसांनी फोन आला. मंडळानं मान्य केलंय, एकच लांब केस, सगळे एका पातळीवर, एका रांगेत. काकांनी फोन ठेवला आणि त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. कूच कशी लागेल त्याचा तक्ता केला. प्रत्येक खोक्यावर नंबर घातला. उजव्या डोळ्याची कडा तोवर बरीच आत आली होती. ताटातली वाटी शोधायला मान फिरवावी लागायची. मंडळाची माणसं खोकी न्यायला आली तेव्हा हे सोबत निघाले होते. "आपण त्रास घेऊ नका, तक्ता आहे ना, आम्ही मांडतो," असं म्हणून त्यांना घरीच ठेवलं. तिथेच मला शंका यायला हवी होती.

उद्घाटन रविवारी सकाळी. इस्त्रीचा पांढरा शर्ट, काकूंचं नवं लुगडं, मी. गर्दी व्हायच्या आत एकदा नीट बघायचं म्हणून आम्ही तासभर आधी गेलो. हॉलच्या मधोमध केस होती, आतून दिवे लावलेले. मिठाईच्या दुकानात असते तेवढीच, फार तर थोडी मोठी. काका एका टोकाला जाऊन उभे राहिले. लाल डगले चमकत होते, संगिनी चमकत होत्या, कर्नलचा घोडा मधोमध. डावरी कंपनी मागच्या ओळीत, नव्या उंच शिपायांच्या आड. काकांनी मान हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवली. मग परत उजवीकडून डावीकडे.

"मागचे कुठं हायेत?"

चिटणीस लगबगीनं आले. "काका, केस करणाऱ्यानं घोटाळा केला. फारच लहान आली. जागा पुरली नाही. पण सगळे अगदी सुरक्षित आहेत, टेबलाखाली."

मी केसखालचं कापड उचललं. पाण्याच्या बाटल्यांचे खोके, माईकची वायर, आणि त्यांच्यात आमची सोनपापडीची खोकी, दोरीसुद्धा न सोडलेली. माझ्या तोंडून जे निघालं ते इथे लिहीत नाही. काकूंनी माझा दंड धरला. काका मात्र चिटणिसांना म्हणाले, "एक खुर्ची देता का?"

त्यांना वाटलं म्हाताऱ्याला चक्कर आली. धावत खुर्ची आणली. काका तिच्यावर बसले, केसची काच सरकवली आणि पहिला शिपाई बाहेर काढला. त्याला काकूंकडे दिलं. मग दुसरा. मग मला म्हणाले, "बाई, गवतवाले दे."

मी खाली बसून दोरी सोडली. पण माझ्यानं राहवेना. त्यांच्या कानाशी जाऊन म्हटलं, "काका, आज राहू द्या. मी त्यांच्याशी मागून भांडते, केस बदलून घेते. पण तोवर डोळे... अख्खी नाही तर नाही, अर्धी तरी अशी उजेडात, कंबरेच्या उंचीवर पाहून घ्या. पुन्हा नाही मिळायची."

"अर्धी तं म्या घरीबी पाहतो," ते म्हणाले. "गवतवाले दे."

मी दिले. काय करणार. डोळ्यांना नीट दिसायचं नाही पण बोटांना सगळं पाठ होतं. प्रत्येकाचं तोंड कूच जायच्या दिशेला, दोघांत बोट जाईल एवढीच जागा. गवतवाले झाले, पखालवाले झाले, तंबूवाले, गाड्या, चांभार, धोबी. एकेक ओळ बंदुका बाहेर निघायच्या आणि तेवढ्याच जागेत मागचे दाटीदाटीनं बसायचे. काकू शिपाई पदरात घेत होत्या आणि भाजीच्या पिशवीत नीट बसवत होत्या. डावऱ्यांना त्यांनी आपल्या रुमालात वेगळं बांधलं.

लोक जमले. प्रमुख पाहुणे आले, बाहेरगावचे, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. दीप लागला, गुच्छ झाले, भाषणं सुरू झाली. हे सगळं आमच्या पाठीमागे. चिटणीस पहिल्यांदा विनवत आले, मग रागानं. दबक्या आवाजात म्हणाले, "तुम्ही मंडळाचा अपमान करताहात."

"टेबलाखाली होते ते वर घेऊन राह्यलो," काका म्हणाले. "दुसरं काय केलं म्या?"

दोघं-तिघं मला बाजूला करायला आले. मी पक्की मांडी घालून बसले होते, मधे एक शिशाचा बैल आडवा धरून. काय दिसत असेन देव जाणे. त्यांना माझ्या अंगाला हात लावायचा धीर झाला नाही आणि बळजबरीनं काकांच्या हातून ओढून घ्यायचं तर समोर शंभर माणसं बसलेली. भाषण लांबत होतं ते आमच्या पथ्यावर पडलं. कर्नल निघाला. शेवटी बाया लागल्या, माझ्या बाया, आणि आंधळा म्हातारा, आणि त्याच्या पुढे चालणारी मुलगी. केस काठोकाठ भरली. एकही बंदूक नाही. वर मंडळानं छापून लावलेली पाटी तशीच होती: एकोणिसाव्या शतकातील पलटण.

काकांनी काच ओढून घेतली आणि त्या टोकाला जाऊन उभे राहिले. आतल्या उजेडात ती माणसं चाललेली. मी त्यांच्या शेजारी होते. त्यांनी मान फिरवून फिरवून पाहिलं, एकेक करून, जेवढं दिसत होतं तेवढं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसत नव्हते. मलाही आवरलं नाही. काय हरवलं ते आम्हा तिघांनाच माहीत होतं, आणि माझ्या मनात तेव्हा एकच होतं, की या माणसापुढे हा सगळा हॉल काहीच नाही.

टाळ्या झाल्या आणि पाहुणे केसपाशी आले, मागे चिटणीस, त्यांच्यामागे सगळं मंडळ. पाहुण्यांनी पाटी वाचली, वाकून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं, खरं सांगते, त्या घागरवालीच्या पायापाशी तर चष्मा बदलून पाहिलं. मग सरळ उभे राहून त्यांनी काकांना अगदी सरळपणानं विचारलं, "पण यात सैन्य कुठं आहे?"

काकांनी काकूंच्या हाताकडे बोट दाखवलं.

"पिशवीत हाय साहेब. त्यायले जागा पुरली नाई."